हात थांबला की दूध लागतं

भागाक्का रागावल्या नाहीत असा एकच दिवस मला आठवतो, आणि त्या दिवशी त्यांना ताप होता.

भूमच्या बाजारामागच्या गल्लीत माझं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आणि त्यांची खव्याची भट्टी यांच्यात एकच भिंत होती. पलीकडून ती जाळानं तापायची आणि अलीकडं शिव्या झिरपायच्या. थंडीत माझी गिऱ्हाइकं वस्तू दुरुस्त झाली तरी उठायची नाहीत. भिंतीला पाठ लावून शेकत बसायची आणि पलीकडून चाललेलं कान देऊन ऐकायची. दुधात पाणी घालणारा गवळी, ओली लाकडं आणणारा गाडीवाला, सायीवर डोळा ठेवणारं मांजर, सगळ्यांचा उद्धार एकाच आवाजात, आणि त्याखाली लोखंडावर लोखंड घासल्याचा खर्र, खर्र असा ठेका. आवाज कितीही चढला तरी तो ठेका चुकायचा नाही.

अक्का मूळच्या मुरुमच्या. तिकडं कर्नाटकाची हद्द जवळ, म्हणून थोरल्या बाईला अक्का म्हणायचं. राग मराठीत मावेनासा झाला की त्यांचा शेवटचा शब्द कानडी निघायचा, "साक्!" म्हणजे पुरे. खवा कढईतून उतरवायची वेळ झाली की त्या हा शब्द उच्चारायच्या, नाहीतर समोरच्या माणसाला पायरीवरून उतरवायची वेळ झाली की. दोन्हींचा सूर सारखाच असल्यामुळं कितीतरी वेळा खवा उतरला आणि गवळीच पळाला.

उंचीनं बेताच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि उजवा दंड असा की तालमीतल्या पोरानं बघून शर्टाच्या बाह्या खाली कराव्यात. त्या हातात लांब दांड्याचं लोखंडी उलथणं. दूध कढईत पडलं की ते उलथणं तळाशी खरवडत फिरवत राहायचं, दुधाचा गोळा होईपर्यंत. एक घाणा उतरला की दुसरा चढायचा. सकाळचं दूध दुपारपर्यंत पुरायचं, मग संध्याकाळच्या दुधाला पुन्हा उभं राहायचं. मध्ये हात थांबवायचा नाही. थांबलं की दूध तळाला धरतं, करपतं, आणि त्याचा वास सगळ्या घाण्याला लागतो. "हात थांबला की दूध लागतं," हे अक्कांचं सगळ्या गोष्टींवरचं उत्तर होतं. सोयरिकीचा सल्ला मागा, नाहीतर पोराच्या शाळेबद्दल विचारा. उत्तर हेच मिळायचं, आणि वर तुमच्या घराण्याबद्दल दोन शब्द.

तहसीलमधला एक कारकून एकदा कसल्याशा कागदावर सही घ्यायला आला. दारातूनच म्हणाला, "आजी, जरा हात थांबवा अन् इथं सही करा."

एका वाक्यात त्यानं दोन गुन्हे केले होते. 'आजी' हा पहिला आणि 'हात थांबवा' हा दुसरा.

"धर," म्हणून अक्कांनी उलथणं त्याच्या हातात दिलं. "तू घोट, म्या सही करते. थांबलास तर दूध तुझ्या नावानं लागंल."

मग त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, चष्मा शोधला, तो पुसला, आणि कागद वरच्या 'महाराष्ट्र शासन'पासून मोठ्यानं वाचायला घेतला. कारकून घोटतोय. त्याची कॉलर भिजली, पाठ भिजली.

"अक्का, झालं का वाचून?" (आजीची अक्का झाली होती.)

"व्हय की. हे पान झालं."

"पान एकच आहे हो!"

"मागं कोरं हाय का बघू दे. कोऱ्यावर तुमी लोक मागनं लिहिताव."

सही झाली. कारकुनाला कागदाची घडीसुद्धा घालता येईना. अक्कांनी उलथणं परत घेतलं, कढईत डोकावल्या आणि त्याला म्हणाल्या, "बरं घोटलंस. नोकरी गेली तर ये." पुढं त्या कचेरीतून कुणीही आलं, तर जोडीनं यायचं.

भट्टीवर दुसरी कढई शांताबाईंची. अक्का जेवढ्या बोलायच्या तेवढ्याच शांताबाई गप्प. वीसेक वर्षं घोटून त्यांचा उजवा खांदा असा आखडला होता की हात छातीच्या वर जायचा नाही. पण घोटायला हात कमरेच्या वर न्यावाच लागत नाही. त्यामुळं काम बिनबोभाट चालू राहिलं आणि फक्त स्वतःचे केस विंचरता येईनात. रोज सकाळी गवळी यायच्या आधी अक्का त्यांना भट्टीच्या पायरीवर बसवायच्या आणि वेणीफणी करायच्या. तेही भांडतच.

"मान सरळ धर. केस हायत का सुतळी ही? डॉक्टर म्हणतोय हाताला विश्रांती द्या. दे की बाई! दुधाला सांगून ठेवलंय व्हय त्यानं?"

शांताबाई हसायच्या. अक्कांना त्या हसण्याचाही राग यायचा. शेवटी अंबाडा बांधून त्यावर एक चापटी मारायच्या, "ऊठ."

आता माझं पाप सांगतो.

पुण्याहून परत आलेल्या एका इंजिनिअर पोराकडून मी एक व्हिडिओ गेम विकत घेतला. बटणांचा नव्हे. यात वीतभर लांबीचा एक पांढरा दांडा हातात धरून हवेत फिरवायचा, की पडद्यावरचा बाहुला तसाच हात फिरवतो. त्या दांड्याला आम्ही रिमोटच म्हणायचो. टेनिस होतं, मुष्टियुद्ध होतं. दांडा हातातून सुटून टीव्हीवर बसू नये म्हणून मनगटात अडकवायला काळी दोरी होती. मी तो गेम दुकानात दर्शनी लावला आणि गल्लीत दोन पक्ष पडले. पोस्टातले गोवर्धन म्हणायचे, नुसता दमवणारा प्रकार आहे, खेळ बोटांनी खेळावा. मी म्हणायचो, अंग हललं पाहिजे, घाम आला पाहिजे, नाहीतर तो खेळ कसला! मी हे हातवारे करून, उभा राहून, एखाद्या पुढाऱ्यासारखा म्हणायचो. मला तेव्हा वाटायचं, मी भूममध्ये विज्ञान आणलंय.

एका दुपारी दोन्ही घाणे उतरल्यावर अक्का तणतणत आल्या. "काय करायलाव रे भिंतीला? धडाधडा वाजतंय, माझ्या फडताळातले डबे पडायलेत."

"अक्का, टेनिस खेळतोय. तुम्ही या ना, एक डाव खेळा." मी रिमोटची दोरी त्यांच्या मनगटात अडकवलीसुद्धा.

खेळ सुरू झाला. समोर गोवर्धन. चेंडू येवो न येवो, अक्कांचा हात फिरतच राहिला. आम्ही चेंडू गेल्यावर थांबतो, श्वास घेतो. अक्कांना ती सवयच नव्हती. उजवा हात भरून आला की रिमोट न थांबवता डाव्यात जायचा, डाव्यातून उजव्यात. मशीन बिचारं प्रत्येक फिरवण्याला फटका समजत होतं. चेंडू येईल तेव्हा अक्कांची बॅट तिथं असायचीच. गोवर्धन धापा टाकत हरले, त्यांच्यानंतरचे तिघं हरले, पाचवा मी. गल्ली जमली. मुष्टियुद्ध लावलं तर अक्कांनी समोरच्या बाहुल्याला अक्षरशः घोटून काढलं. त्या चक्क हसत होत्या. माझ्या शेजाराच्या बारा वर्षांत ते मी पहिल्यांदा बघत होतो.

मग गोवर्धन पुन्हा आले. पण दमलेले होते, म्हणून बाकावर बसले. डाव्या हातात चहाची कपबशी, उजव्यात रिमोट. उभे न राहता, खांदा न हलवता, त्यांनी नुसतं मनगट झटकलं. पडद्यावरच्या बाहुल्यानं सणसणीत फटका मारला. पुन्हा झटकलं, पुन्हा फटका. चहा संपेपर्यंत अक्का हरल्या होत्या.

अक्कांचा हात थांबला.

"ह्यो बसून हाय," त्या मला म्हणाल्या.

"हो, ते चालतं, अक्का. त्याला फक्त झटका कळतो."

"म्या खांद्यापासून हात फिरवायले, अन् ह्यो च्या पीत मनगट हलवतोय. ह्या मशीनला दोन्ही सारखंच?"

"तसं… हो."

"दुधाला कळतंय रे! चिमटीएवढी जागा सुटली तर दूध सांगतंय, बाई, तू हितं फसवलंस. अन् ह्ये तुझं शिकल्या-सवरल्यांचं मशीन!" आवाज चढायला लागला. "वर तू म्हणतोस अंग हलतंय म्हणून खेळ चांगला. कुणाचं अंग? दिवसभर ज्याचं हललंय त्याचं? कामाला बी हात हलवायचा अन् खेळायला बी हातच हलवायचा, मग माणसानं बूड टेकायचं कधी? ज्याला गादीवर बसून मांद्य आलंय त्याला हलवा. आमाला कशाला? जिथं खांदा मोडायलाय तिथं एक मोटार बसवायची अक्कल कुणाला न्हाय, अन् जिथं बोटानं भागत हुतं तिथं हात हलवायचं मशीन काढलंय! साक्!"

रिमोट भिंतीवर आदळला. दोरी मात्र तुटून त्यांच्या मनगटातच राहिली आणि तशीच त्यांच्याबरोबर गेली.

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. काय सुरेख बोलल्या, असं मला वाटलं. बोललेलं कानात शिरलं, डोक्यात नाही.

त्यानंतर काही वर्षांनी शहरातल्या एका कंपनीची समाजकार्य करणारी माणसं खव्याच्या भट्ट्या बघायला आली. त्यांच्यातल्या मॅडमनी अक्कांना विचारलं, तुम्हाला कशाची गरज आहे? अक्कांनी एका दमात सांगितलं, "कढईला मोटार. आपोआप घोटणारी. हिच्या खांद्याकडं बघा अन् लिहून घ्या." मॅडमनी लिहून घेतलं, 'खांद्याचा त्रास'.

मग उन्हं उतरेपर्यंत त्या माझ्या दुकानात चहाला बसल्या. त्यांनी कोपऱ्यातला गेम बघितला आणि विचारलं, हे काय? एवढं विचारायचा अवकाश, मी उभा राहिलो. हातवारे केले. "मॅडम, खांद्याला याच्यासारखं औषध नाही! खेळता खेळता व्यायाम! आमच्या अक्कांनी यावर पाच जणांना हरवलंय!" त्या म्हणाल्या, "इंटरेस्टिंग," आणि तेही लिहून घेतलं.

तीन महिन्यांनी टेम्पो आला. अक्कांनी भट्टीची चौकट झेंडूनं सजवली होती. मोटार येणार म्हणून कढईला हळदीकुंकू लावलं होतं. खोक्यातून निघाला मोठा टीव्ही आणि त्याच्यावर बसवायचा कॅमेरा. आता दांडाही नाही. समोर उभं राहून हात हलवले की कॅमेरा बघतो आणि पडद्यावरची सफरचंदं तोडली जातात. 'खव्याच्या भट्टीवरील भगिनींसाठी खांद्याच्या व्यायामाचा खेळ' असं फलकावर लिहिलं होतं. रोज अर्धा तास, मॅडम म्हणाल्या, हात वर न्यायचे.

नारळ फुटला. फोटोसाठी शांताबाईंना पुढं उभं केलं. सफरचंद झाडाच्या शेंड्याला होतं. शांताबाईंनी हात उचलला, तो छातीपाशी अडला. टीव्ही मंजुळ आवाजात बोलला, "छान प्रयत्न! हात अजून थोडा वर!" त्यांनी दात आवळून पुन्हा उचलला. "हात अजून थोडा वर!" तिसऱ्यांदाही तेच. डोळ्यांत पाणी आलेल्या शांताबाई टीव्हीला म्हणाल्या, "जात न्हाय हो वर. माफ करा."

टीव्हीची माफी मागितली त्या बाईनं. वीस वर्षं ज्यांनी त्या खांद्याचा खवा खाल्ला त्यांच्यातल्या एकानंही तिची माफी मागितली नव्हती, त्यात मीही होतो.

मला वाटलं आता भिंत पडेल. पण अक्का ओरडल्या नाहीत. कढईत दूध ओतलं, मॅडमजवळ गेल्या, त्यांच्या हातात उलथणं दिलं आणि म्हणाल्या, "धरा. थांबू नका." मॅडमना हे काहीतरी कार्यक्रमातलंच वाटलं. त्या हसत घोटायला लागल्या. फोटो निघाले. हसू पाचव्या मिनिटाला संपलं. दहाव्या मिनिटाला त्यांनी दोन्ही हात लावले. इकडंतिकडं बघत राहिल्या, पण उलथणं घ्यायला कुणी पुढं होईना.

"आता हात वर करा," अक्का म्हणाल्या. "सफरचंद तोडा."

मॅडमनी उलथणं खाली ठेवलं. त्या खरंच शरमल्या होत्या. "अक्का, आम्हाला तसं सुचवलं गेलं की यानं…"

"कुणी सुचवलं?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

अक्कांनीही बघितलं. मी शिवीसाठी मान खाली घातली. शिवी आली नाही. त्यांनी चौकटीवरचं झेंडूचं तोरण ओढून काढलं, जाळात टाकलं आणि पाठ फिरवून कढईला लागल्या.

त्या दिवसापासून भिंत गप्प झाली. फक्त खर्र, खर्र. गवळी पाणी घालायचा तरी त्या बोलायच्या नाहीत, कारण बोललेलं मला ऐकू आलं असतं. गिऱ्हाइकं विचारायची, "बरं न्हाय का अक्कांना?" आणि वस्तू घेऊन चालू लागायची. मला इतका राग कुणाचाच आला नव्हता जितका स्वतःचा आला. मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस. रोज दहा मोटारी माझ्या हाताखालून जात होत्या. कितीतरी वर्षं भिंतीपलीकडं एक बाई मोटार मागत होती, आणि मी गिऱ्हाइकांना टेनिस शिकवत होतो!

मी दुकानातच खटपट सुरू केली. कुलरची मोटार जोडली, तर दूध छताला लागलं. मग मसाला वाटायच्या ग्राइंडरची मोटार घेतली. ती सावकाश फिरणारी. लोखंडी पातं कढईच्या गोलाईवर वाकवून बसवलं. दोन लिटर दूध ओतलं, शेगडी पेटवली, कळ दाबली. पातं डौलात गोल फिरायला लागलं. मी पायावर पाय टाकून बसलो.

अर्ध्या तासात मला कसलाच वास आला नव्हता, पण पलीकडची खर्रखर्र बदलली. शांताबाईंनी दोन्ही कढया धरल्या असाव्यात, कारण अक्का माझ्या दारात होत्या.

"लागलं! लागलं की रे, गाढवा! मेल्या, तुला नाक हाय का दरवाजाची मूठ? चांगल्या दुधाचं वाटोळं केलंस! कोण तू, दूध आटवणारा? टीव्हीची धूळ पुसायची अक्कल न्हाय, अन्…"

आठ आठवड्यांनी ऐकत होतो. मी डोळे मिटून घेतले. काय सांगू, सणासारखं वाटलं.

मग त्यांना पातं दिसलं. त्या थांबल्या, कढईत वाकल्या. बरोबर मध्यभागी तळहाताएवढा काळा डाग होता.

"नुसतं गोल फिरवलंस?"

"तुम्ही गोलच फिरवता ना?"

"बघ." त्यांनी रिकाम्या हवेत हात फिरवून दाखवला, आणि मी पहिल्यांदा तो हात नीट बघितला. तो गोल फिरतच नव्हता. एक फेरी काठानं, दुसरी मधून कापत, मग तळातून किंचित वर उचलून उलटी. रिमोटला जे दिसलं नव्हतं ते इतकी वर्षं मलाही दिसलं नव्हतं.

पुढचे दोन महिने रोज दुपारी अक्का माझ्या दुकानात यायच्या आणि माझ्या आईबापाचा उद्धार करत पातं वाकवून घ्यायच्या. एकाची दोन पाती झाली. मधलं आखूड, स्प्रिंगवर टेकलेलं, तळ न सोडणारं. अखेर एका सकाळी शांताबाईंच्या कढईवर मोटार चढली आणि पहिला घाणा न लागता उतरला. अक्कांनी खव्याचा गोळा जिभेवर ठेवला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "खाण्यासारखा हाय." मग अक्कांच्या कढईलाही मोटार बसली.

पुढच्या वर्षी मी दुकान धाराशिवला हलवलं. निघायच्या दिवशी सकाळी टेम्पोत सामान चढवून निरोप घ्यायला पलीकडं गेलो. आत दोन्ही मोटारी घुमत होत्या. बाहेर पायरीवर शांताबाई बसल्या होत्या आणि मागं अक्का, फणी घेऊन. शांताबाईंना आता घोटावं लागत नव्हतं. हात मात्र तसाच होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, तो आता वर यायचा नाही.

"मोटारी झकास चालल्यात, अक्का," मी म्हणालो. कौतुकाची सवय काही जात नाही.

"चालल्यात. पाच-सहा वर्षं आधी चालल्या असत्या तर हिनं हिचा अंबाडा बांधला असता. म्या त्या दिवशी बोंबलून सांगितलं, तवा तू टाळ्या वाजीवल्यास."

मी खाली बघितलं, आणि तेव्हा मला दिसलं, अक्का अंबाड्याला गुंडाळत होत्या ती काळी दोरी ओळखीची होती. माझ्या रिमोटची. मनगटात अडकवायची. कडेला दोरा विटला होता, पण घट्ट होती.

"अक्का," उगाच हवा हलकी करायला म्हणून मी म्हणालो, "ती दोरी माझी."

"व्हय? मग ने." त्यांनी फणी माझ्यापुढं धरली. "सोड. अन् परत तूच बांध. अन् उद्या बी ये बांधायला."

शांताबाई मान न हलवता हसल्या. अक्कांनी दोरीची गाठ मारली, अंबाड्यावर चापटी मारली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तोंड काय बघायलास? जायच्या आधी आत जा, दोन्ही कढयांचे तळ बघ, लागत न्हाय न्हवं."

मी आत गेलो, आणि वाकून दोन्ही तळ बघितले.